उखाभाऊंनी न केलेली चोरी

कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड हल्ली कुणी पाठवत नाही. त्यामुळे महिन्यापूर्वी देवपूरच्या घरी ते माझ्या हातात पडलं तेव्हा आधी वाटलं, टपालात फाटलं असेल. मग मजकूर वाचला. पारोळ्याच्या कुणा शेजाऱ्याने लिहिलं होतं, ‘उखाजी इस्तरीवाले यांस देवाज्ञा झाली. दहावा येत्या सोमवारी. लेक आली आहे. तुमचा पत्ता त्यांच्या चुन्याच्या डबीत सापडला म्हणून कळवतो.’ एवढंच. सून विचारत होती, कोण गेलं? मी म्हणालो, ओळखीचे होते एक. इतक्या वर्षांनंतर, त्या कार्डासमोरसुद्धा, माझ्या तोंडून तेवढंच निघालं… ओळखीचे.

उखाभाऊ माझे नातेवाईक नव्हते, आणि त्यांना मित्र म्हणण्याचा मला अधिकार नाही. आमची ओळख तुरुंगात झाली. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मी तिथे कारकून होतो आणि ते शिक्षा भोगत होते. तुरुंगाचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्या जागेचा नव्हता. पारोळ्याच्या आसपास आणि उखाभाऊंच्या लेकीच्या सासरी त्यांच्याबद्दल एक गोष्ट आजवर सांगितली जाते. तुरुंगात धोबीखान्यावर असताना या माणसाने कैद्यांचे कपडे बाहेर विकले, अशी. ती खोटी आहे. ती खोटी आहे हे दोनच माणसांना पक्कं ठाऊक होतं, एक उखाभाऊ आणि दुसरा मी. आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहितो.

माझ्याकडे कपड्यांची कोठी होती. माणूस शिक्षा होऊन आत आला की त्याचे अंगावरचे कपडे उतरवून घ्यायचे, वहीत नोंदवायचे, धोतर एक, सदरा एक, टोपी एक, आणि त्याला मांजरपाटाची अर्धी चड्डी, बंडी, टोपी द्यायची. उतरवलेले कपडे धोबीखान्यात जायचे, भट्टीत उकळून, धुऊन, वाळून कोठीत यायचे. त्यांचं गाठोडं बांधून वर नंबराचा पत्र्याचा बिल्ला अडकवायचा आणि मध्ये कडुनिंबाचा पाला घालून ते फळीवर रचायचं. शिक्षा संपली की त्याच कपड्यांत माणूस फाटकाबाहेर जायचा. धोबीखान्यावर पाच-सहा कैदी असत आणि त्यांचे मुकादम उखाभाऊ. ते धोबी नव्हते. पारोळ्याजवळच्या खेड्यातले कोरडवाहू शेतकरी. बांधावरच्या भांडणात त्यांच्या हातचा कुदळीचा दांडा चुलतभावाच्या डोक्यात बसला आणि तो दुसऱ्या दिवशी गेला. हे त्यांनी कधी नाकारलं नाही. कोर्टातही नाही.

मी पंचवीस वर्षांचा होतो, ते चाळिशीकडे झुकलेले. तरी मी त्यांना ‘अरे उखा’ म्हणायचो आणि ते मला ‘भाऊ’. माणूस अंगाने सडपातळ, भट्टीच्या वाफेने हाताची कातडी कायम पांढरट आणि सुरकुतलेली. पण कपडा हातात घेतला की तो माणूस वेगळाच व्हायचा. नव्या कैद्याचा सदरा उलटापालटा करून सांगायचा, “हा रावेर-यावलकडचा. हा बघा केळीचा चीक. हा डाग भट्टीलाही घाबरत नाही.” दुसरा उचलायचा, “हा जिनिंगवर हमाली करणारा. खांद्यावर बघा, तेल आणि कापसाचे तंतू.” उवा निघाल्या की म्हणायचे, “पाव्हणे बी संगे लई आणात!” आणि ते सगळंच भट्टीत लोटायचे. कपड्याचं बटण तुटलेलं असलं तर लावायचे, उसवलेलं शिवायचे. मी एकदा चिडून म्हणालो, “उखा, हे काय तुझ्या जावयाचे कपडे आहेत? नियमात धुणं आहे, शिवणं नाही.” ते दोरा दातांनी तोडत म्हणाले, “भाऊ, बाहेर बायको उभी राही, पोरं उभी राहतीन. माणूस त्यांच्यापुढे फाटका जावाले नको.” सुटणाऱ्या माणसाचे कपडे ते आदल्या दिवशी काढून घ्यायचे आणि पितळेच्या तांब्यात निखारे घालून त्या तांब्याने त्यांना इस्तरी करायचे. तुरुंगात इस्तरी नव्हती आणि कुणी ती मागितलीही नव्हती. पण आमच्या फाटकातून माणसं जायची ती घडी न मोडलेल्या कपड्यांत, आणि साहेब म्हणजे आमचे तुरुंगाधिकारी पाहुण्यांना तसं कौतुकाने सांगायचे.

उखाभाऊंची बायको ते आत असतानाच वारली. जमना नावाची एकच लेक. तिला आत्याने सांभाळलं आणि सोळाव्या वर्षी जळगावच्या पूर्वेला, केळीच्या मुलखात एका खातेदाराच्या घरी देऊन टाकलं. आत्याने लग्न लावलं आणि हात झटकले. लग्नाची बातमी आली ते पत्र मीच उखाभाऊंना वाचून दाखवलं होतं. त्या दिवसापासून या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट होती, लेकीची पहिली आखाजी. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अक्षय्यतृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि आमच्याकडे दिवाळीपेक्षा तिचं अप्रूप. लग्न झालेल्या पोरी आखाजीला माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण पोरीने आपल्या पायाने यायचं नसतं. माहेरचं कुणीतरी तिला आणायला जावं लागतं, भाऊ, बाप, काका कुणीही. त्याला मुराळी म्हणतात. ज्या पोरीच्या दारात पहिल्या आखाजीला मुराळी येत नाही, तिला माहेर नाही असं सासरचे धरून चालतात, आणि मग तिच्याशी तसंच वागतात.

जमनाला भाऊ नव्हता. चांगल्या वर्तणुकीच्या माफीचे दिवस धरून उखाभाऊंची सुटका आखाजीच्या बारा दिवस आधी येत होती. हा हिशेब त्यांनी माझ्याकडून किमान दहा वेळा करून घेतला असेल. “बारा दिनमां घर सारवून व्हई जाई ना भाऊ? कुलूप लागेल शे, उंदरं बठ्ठं घर पोखरी टाकतीन.” मी म्हणायचो, “अरे, दोन दिवस पुरे.” ते म्हणायचे, “दोन कसे? झोक्याले दोर आणना पडी, निंबले नवा दोर लागस.” धोबीखान्यातले बाकीचे कैदी त्यांची थट्टा करायचे, “मुकादम, मुराळी म्हणून चालले, पण पोरीच्या सासऱ्याचे कपडे धुवायला मागू नका तिथं!” ते हसायचे. एवढं मोकळं हसताना मी त्यांना त्याच दोन महिन्यांत पाहिलं.

माघात माझं लग्न ठरलं. वीस दिवसांची रजा मिळाली. निघायच्या दोन दिवस आधी एका गावच्या मारामारीतले एकोणीस जण महिन्या-महिन्याच्या शिक्षेवर एकदम आत आले. पुढची कोठी भरलेली, म्हणून त्यांचे कपडे मागच्या छोट्या खोलीत ठेवायचे ठरले. नेमकं मी निघायच्या दिवशी आभाळ आलं. माझी गाडी दुपारची. उखाभाऊ कपड्यांचा ढीग घेऊन आले आणि म्हणाले, “भाऊ, बठ्ठं ओलं शे. आज बांधू नका. दोन दिवस ऊन दाखवू द्या.” मी म्हणालो, “बांध. मी गेल्यावर इथे कोण बघणार आहे?” “मी पाहस ना.” “तुझ्या हाती कोठी देऊ का? बांध म्हणतो ना!” ते म्हणाले, “नवरदेवले हळद लागाच्या आधीच घाई व्हयनी,” आणि मुकाट्याने बांधू लागले. एकोणीस ओली गाठोडी मी त्या मागच्या खोलीत मातीच्या भिंतीला लावून रचली, कुलूप घातलं. किल्ली फाटकावर जमा करायचा नियम होता. मी ती कोटाच्या खिशात टाकली आणि स्टेशनवर गेलो. लग्न लागलं तेव्हा ती माझ्या खिशात होती. घरी गेल्यावर ती दिसली, आणि मी मनात म्हणालो, मागच्या खोलीत वीस दिवसांत कुणाचं काय काम आहे…

आठव्या दिवशी दाराच्या फटीतून वास यायला लागला, असं मला नंतर कळलं. उखाभाऊंनी पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगितलं, खोली उघडा, माल कुजतो आहे. शिपाई म्हणाला, किल्ली नवरदेवाकडे आहे, ती आता बायकोच्या पदराला. सगळे हसले. पुढचे बारा दिवस उखाभाऊ रोज त्या बंद दारापाशी जाऊन उभे राहत, असं तोच शिपाई मला सांगत होता. मी परतलो आणि कुलूप काढलं तेव्हा आत काळ्या बुरशीचा आणि मातीचा एक लगदा होता. ओलीमुळे भिंतीतली वाळवी खाली उतरली होती. काय धोतर, काय सदरा, काही ओळखू येत नव्हतं. आणि आठ दिवसांनी एकोणीसच्या एकोणीस जण सुटणार होते.

त्या दुपारी मी उखाभाऊंना त्या मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. माझी नोकरी कच्ची होती. मी काय म्हणालो ते शब्दाशब्दाने आठवतं, कारण त्यानंतर ते शब्द मी माझ्याशी कितीतरी वेळा म्हटले आहेत. “उखा, किल्ली नेली हे कळलं तर मला आजच घरी बसवतील. लग्नाला महिना नाही झाला. तू सांग, की मला न विचारता तूच कपडे ओले ठेवलेस. साहेब चार शब्द बोलतील. तुझ्यावर त्यांची मर्जी आहे.” त्यांनी लगद्यातली एक चिंधी चिमटीत धरून पाहिली. मग म्हणाले, “आणि मनी माफी?” मी म्हणालो, “तुझ्या माफीला हात लागणार नाही. मी आहे ना.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पत्रं वाचून दाखवणारा, लिहून देणारा, हिशेब करून सांगणारा मीच होतो. जबाब मी लिहिला आणि त्यांनी खाली अंगठा दिला.

पण गोष्ट चार शब्दांवर थांबली नाही. सुटायच्या दिवशी त्या एकोणीस जणांना जुनी, विटकी धोतरं दिली तेव्हा त्यांनी फाटकात आरडाओरडा केला. आमची नवी धोतरं कुठे गेली? वाळवीने खाल्ली म्हणता, मग बटणं कुठे आहेत? खरं म्हणजे बटणं त्या मातीत होती, कुणी शोधली नाहीत. कुणीतरी म्हणालं, भट्टीला लाकूड आणणाऱ्या गाडीवाल्याबरोबर माल बाहेर गेला आणि चिंध्या कोंबून ठेवल्या. साहेबांनी चौकशी लावली. त्यांच्यापुढे कागद होता तो मी लिहिलेला, त्यात खोलीचा सगळा कारभार उखाभाऊंचा होता. किल्लीचं ठाऊक असलेल्या शिपायाला कुणी बोलावलं नाही, आणि किल्ली जमा न करून घेतल्याचा ठपका आपल्यावर येईल म्हणून तो आपणहून आला नाही. उखाभाऊ समोर उभे होते. साहेबांनी मला विचारलं, “याच्याशिवाय त्या खोलीत कोण जातं?” मी म्हणालो, “कुणी नाही, साहेब.” उखाभाऊंनी मान वर केली नाही. मी वाट बघत होतो की आता ते बोलतील, किल्लीचं सांगतील. आणि ते बोलले असते तर मी नाकारलं असतं, हेही आज लिहून ठेवतो. ते बोलले नाहीत. त्यांची माफी कापली गेली. सुटका आखाजीच्या पुढे, पावसाळ्यात गेली. धोबीखाना काढून घेऊन त्यांना दळणावर घातलं.

मी दळणघरात त्यांना भेटायला गेलो. पीठ उडून भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “भाऊ, एक काम करा. तुमनी सासुरवाडी तिकडेच शे ना, केळीकडे? आखाजीले तुम्ही जाशातच. मनी जमनाकडे जा. मुराळी म्हणून जा. आणता नही उनी तरी चाली, पण दारमां उभं राहीसन सांगा, की बापनी धाडेल शे. चार माणसांसमोर सांगा.” मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो, “जातो. शपथ.”

ती माझीही पहिली आखाजी होती. सासऱ्यांनी जावयाला मानाने बोलावलं होतं. आमरस, पुरणपोळ्या, सांजोऱ्या… अंगणातल्या निंबाला झोका, त्यावर माझी बायको आणि तिच्या मैत्रिणी. जमनाचं गाव तिथून तीन कोसांवर. पहिल्या दिवशी ऊन फार आहे म्हणून थांबलो. दुसऱ्या दिवशी निघालो तर सासरे म्हणाले, “जावईबापू, कुठे निघालात?” एका कैद्याचा निरोप घेऊन जातो, त्याच्या पोरीचा मुराळी म्हणून उभा राहतो, हे त्या भरल्या ओसरीत मला सांगवेना. “जरा पाय मोकळे करतो,” म्हणालो. केळीच्या बागेच्या बांधापर्यंत गेलो आणि परत आलो. तिसऱ्या दिवशी गेलोच नाही.

कामावर परतल्यावर उखाभाऊंनी जात्याचा खुंटा सोडून विचारलं, “गयथात?” मी म्हणालो, “हो.” “भेटनी?” “भेटली. म्हणाली, बाबांना सांगा, मी वाट बघते.” त्यांचे डोळे भरले. “कशी दिसत व्हती?” आणि मी म्हणालो, “चांगली होती. हिरवं लुगडं नेसली होती.” हे मला कुणी बोलायला लावलं नव्हतं. लुगड्याचा रंगसुद्धा कुणी विचारला नव्हता. तो मी आपल्या मनाने सांगितला.

आषाढात ते सुटले. त्यांचं जुनं गाठोडं पुढच्या कोठीत कोरडंठाक, जसंच्या तसं होतं. मीच ते काढून दिलं. धोतर आणि सदरा दोन्ही घड्यांवर पिवळे पडले होते, चुरगळले होते. शेकडो माणसांना इस्तरी करून बाहेर पाठवणाऱ्या माणसाच्या कपड्यांना तांब्यात चार निखारे घालून कुणी शेक दिला नव्हता. मीही नाही. माझ्या लक्षात आलं होतं, पण सगळ्यांसमोर त्यांच्यासाठी काही करायला मी भ्यालो. त्यांनी सदरा अंगावर चढवला, हाताने पुढून सारखा केला आणि म्हणाले, “अंगावर पडला म्हणजे सुरकुत्या जातस.” मग फाटकातून वाकून बाहेर पडले.

वर्षभरात मी ती नोकरी सोडली, दुसऱ्या खात्यात लागलो. पिंप्राळ्यात बरीच वर्षं राहिलो, निवृत्त होऊन देवपूरला मुलाकडे आलो. पंधराएक वर्षांपूर्वी पारोळ्यात एस.टी. बंद पडली म्हणून चहा शोधत निघालो, तेव्हा बाजाराच्या कडेला एका खोलीच्या दारात कोळशाच्या इस्तरीला फुंकर घालणारा माणूस दिसला. हात ओळखले आधी. त्यांनीच हाक मारली, “भाऊ! म्हातारा व्हई गयात हो!” चहा पाजला. माझ्या कोटाची कॉलर बघून म्हणाले, “काढा, दोन मिनिटं.” मी लेकीचं विचारलं. “सुखमां शे,” म्हणाले. मला ते ऐकून इतकं हलकं वाटलं, की त्यापुढे काही विचारायचं नाही असं मी ठरवून टाकलं. मग दर वर्षी एक-दोनदा जात राहिलो. दर वेळी कबूल करायचं ठरवून जायचो. दर वेळी हवापाण्याचं बोलून परत यायचो.

शेवटचा गेलो तो गेल्या थंडीत. त्यांची दृष्टी अधू झाली होती. इस्तरी मात्र चालू होती, हाताच्या अंदाजाने. बोलता बोलता माझ्या कपड्यावरून हात फिरवत ते सहज म्हणाले, “भाऊ, तुम्ही तव्हय गयाच नव्हतात ना, जमनाकडे?” मी पेला खाली ठेवला, तसे ते पुढे म्हणाले, “सुटना तसा मी सरळ तिना गावले गऊ. तिना सासरा दारमांच उभा. म्हणे, आखाजीले कुत्रं बी उनं नही तुमनाकडथून. मग समजनं.” मी म्हणालो, “उखाभाऊ, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?” ते इस्तरी उभी करून ठेवत म्हणाले, “काय बोलू? तुमनी पहिली आखाजी व्हती…” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर आज मला झोप लागली असती. त्या दिवशीही मी क्षमा मागितली नाही. माझ्या घरचा पत्ता एका कागदावर लिहून दिला, काही लागलं तर कळवा म्हणालो, आणि पाचची गाडी पकडली.

दहाव्याला गेलो तेव्हा विधी आटोपले होते. त्यांच्या खोलीत एक साठीची बाई बसली होती, कपाळ मोकळं, हातात बापाने इस्तरी करून ठेवलेले शेवटचे कपडे. खेड्यावरची माणसं बाजाराला आली होती, ती येऊन आपापला कपडा ओळखून नेत होती. एक म्हातारा आपलं धोतर काखेत मारत तिला म्हणाला, “अक्का, वीस वरीस व्हयनात, एक रुमाल इकडना तिकडे कधी व्हयना नही.” तिने पुढचा कपडा उचलला. तो गेल्यावर मी तिला माझं नाव सांगितलं, आणि मग सगळं सांगितलं. किल्ली, जबाब, “कुणी नाही, साहेब”, केळीच्या बांधावरून परत फिरणं, सगळं. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा चहाच पिऊन परतलो असतो.

जमनाबाई खाली बघत ऐकत होती. मग तिने तिची बाजू सांगितली, अगदी हळू. आखाजीचे तीन दिवस ती दारात उभी राहायची. चौथ्या दिवशी सासूने म्हटलं, आत ये, तुझं माहेर मेलं. त्यानंतर त्या एकोणीस जणांच्या तोंडची बातमी गावोगाव फिरत तिच्या सासरी आली. बाप श्रावणाच्या तोंडाशी आला, तेव्हा सासऱ्याने त्याला उंबऱ्यावर उभं राहू दिलं नाही. म्हणाला, ‘बांधावरचा खून घरोघर होतो, ते आम्ही पोटात घातलं होतं. पण उघड्या केलेल्या माणसांची धोतरं विकणारा व्याही आम्हाला नको.’ “मी दाराच्या मागेच होते, आबा,” ती मला म्हणाली. “बाहेरून कडी नव्हती. एक पाऊल टाकलं असतं तर बाहेर येता आलं असतं. मी नाही आले. मला वाटलं, चोर तर चोर, पण आखाजीला का नाही आला… बाबा आंब्याची पाटी तिथंच ठेवून गेले. नंतर पारोळ्यात राहतात हे ठाऊक होतं. सासू-सासरे गेले, मालक गेले, मग मला कोण अडवणार होतं? तरी नाही आले. चोराच्या दारात कशाला जायचं, म्हणत राहिले.”

मी म्हणालो, “तुमच्या गावात येऊन मी चार माणसांसमोर सांगतो.”

“कुणाला सांगता? ज्यांना सांगायचं ते सगळे गेले.”

“मग मी लिहितो. पेपरात, माझ्या नावानिशी.”

 बाहेर बाजार उठत होता, गाड्या जुंपल्याचे आवाज येत होते. मग ती एकदम तिच्या माहेरच्या बोलीत म्हणाली, “चोर व्हता तोच बरा व्हता हो, आबा. चोरले मी सोडी दिन्हं, असं म्हणता येत व्हतं. आते मी कोणले सोडी दिन्हं?”

 मी तिच्या पाया पडलो. तिने पाय मागे घेतले. उठून ती इस्तरीच्या टेबलापाशी गेली. टेबलावर जुन्या घोंगडीची घडी अंथरलेली होती. सगळी घोंगडी करपून तपकिरी झाली होती, फक्त डाव्या कडेला तळहाताएवढी जागा मूळच्या काळ्या रंगाची राहिली होती आणि ती दबून खोल झाली होती. इस्तरी फिरवताना उखाभाऊ कपडा डाव्या हाताने तिथेच दाबून धरायचे. जमनाबाईने ती दबलेली जागा बघितली असावी, कारण ती घोंगडीवरून हात फिरवत त्या जागेपर्यंत आली आणि तिच्या अलीकडे थांबली. हात पुढे नेला नाही.

“लिहा,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “मला वाचता येत नाही. पण वाचून दाखवायला येऊ नका.”